तीन एकर आणि एक नदी : बोर्निओतल्या बाकून धरणग्रस्तांमध्ये

पहिला दिवस : बिंटुलू ते असाप

बिंटुलू शहराहून मिरी शहराकडे जाणारा रस्ता सोडून गाडी बाकूनच्या फाट्यावर उजवीकडे वळली आणि तिथून पुढे मैलोन्‌मैल पामतेलाचीच झाडं दिसत राहिली. टेकड्यांना पायऱ्या कोरून ओळीने लावलेली, सगळी एका उंचीची. मधूनच लालभडक घडांनी भरलेला ट्रक समोरून यायचा, नाहीतर साखळ्यांनी आवळलेले ओंडके नेणारा लांबलचक ट्रेलर. तो आला की आमचा चालक गाडी पार कडेला घेऊन थांबायचा. सारावाक म्हणजे बोर्निओ बेटावरचं मलेशियाचं राज्य, जगातल्या सर्वांत जुन्या वर्षावनांपैकी एकाचा भाग. खरं दाट जंगल मला त्या दिवशी फक्त लांबच्या डोंगरकड्यांवर दिसलं.

हा रस्ता धरणाच्या कामासाठी पाडलेला. चालक कायान जमातीचा, पस्तिशीतला, याच भागातला. १९९८ मध्ये सरकारने बालुई नदीकाठची गावं हलवायला सुरुवात केली तेव्हा तो शाळकरी होता. आधी होडी, मग ट्रक असा तो प्रवास त्याला लख्ख आठवतो. आजीने घराण्यातल्या जुन्या चिनी मातीच्या बरण्या कुणाच्या हाती दिल्या नाहीत. अख्खा रस्ता ती एक बरणी मांडीत घेऊन आणि दुसरी दोन पायांत धरून बसली होती. "आम्हा पोरांना मजाच वाटत होती, आंटी. ट्रकमध्ये पहिल्यांदाच बसलो होतो," तो म्हणाला.

असाप म्हणजे धरणग्रस्तांची पुनर्वसन वसाहत. तिथे पोहोचलो तेव्हा पाऊस लागला होता. दुतर्फा लाकडी, दुमजली, पत्र्याच्या छपरांच्या लांब इमारती. हीच ती नवी लाँगहाऊस, म्हणजे धरणग्रस्तांसाठी बांधलेली सामूहिक घरं. माझा मुक्काम चालकाच्या मावशीकडे होता. भात, कोवळ्या नेच्याची लसूण घालून परतलेली भाजी आणि तळलेला मासा असं जेवण झालं. मासा विकतचा होता हे मावशींनी न विचारता सांगितलं, जरा ओशाळूनच.

दुसरा दिवस : असाप

आधी थोडा हिशेब मांडते, कारण तो माहीत नसला तर इथलं काहीच नीट दिसत नाही.

बाकून धरण बालुई नदीवर आहे. ही नदी पुढे बेलागाजवळ राजांग होते, आणि राजांग ही मलेशियातली सर्वांत लांब नदी. धरणाची उंची २०५ मीटर, वीजनिर्मितीची क्षमता २,४०० मेगावॉट, जलाशय सुमारे ६९५ चौरस किलोमीटरचा, म्हणजे जवळजवळ सिंगापूरएवढा. त्यासाठी १५ लाँगहाऊसमधली सुमारे १० हजार माणसं हलवली. कायान आणि केन्याह सर्वांत जास्त, शिवाय लाहानान, उकित आणि पेनान.

एक गोष्ट मात्र मला तिथे जाईपर्यंत नीट उमगली नव्हती. माणसं हलली १९९८-९९ मध्ये आणि पाणी अडवायला सुरुवात झाली १३ ऑक्टोबर २०१० रोजी. स्थलांतराच्या आधीच १९९७ मध्ये आशियाई आर्थिक संकट आलं होतं. धरणाचं काम रखडलं, कंत्राटदार बदलले, एकदा तर प्रकल्प ५०० मेगावॉटपुरता छोटा करायचंही ठरलं. स्थलांतर तेवढं थांबलं नाही. म्हणजे दहा वर्षांहून जास्त काळ ती गावं रिकामी आणि कोरडी पडून होती. मावशी सांगत होत्या, दर हंगामात माणसं तिकडे जायची, दुरियन आणि रामबुतान उतरवायची, जुन्या घरात चार रात्री काढायची आणि परत यायची. ज्या गावाची भरपाई घेतली त्याच गावाची फळं दहा वर्षं खायची, आणि तरी ते आपलं म्हणायचं नाही. त्यांच्या जागी मी असते तर मला ते सोसवलं नसतं.

लाँगहाऊस म्हणजे एकाच छपराखालचं गाव. एका बाजूला प्रत्येक कुटुंबाची खोली आणि दुसऱ्या बाजूला सगळ्यांसाठी मोकळी, सलग ओसरी. लग्न, मयत, भांडण, बैठक, विणकाम सगळं तिथेच. जुन्या गावांत हे घर नदीला समांतर असायचं. इथे कंत्राटदाराने एकेका गावाचे तुकडे करून ते समांतर ओळींत बसवले. त्यामुळे ओसरी आहे, पण तिच्यावरून गावाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला चालत जाता येत नाही. वृद्धांची तक्रार मी सगळ्यांत जास्त वेळा ऐकली ती हीच.

घरं फुकट मिळाली नव्हती. एका घराची किंमत ५२ हजार रिंगिट धरली होती आणि त्या वसुलीवरून वर्षानुवर्षं वाद चालले. फळ्या कच्च्या लाकडाच्या होत्या, त्या वाकल्या, किडल्या. आज जे नीटनेटकं दिसतं, टाइल, खिडक्या, मागचं सिमेंटचं स्वयंपाकघर, ते बहुतेक लोकांनी पदरच्या पैशातून केलेलं आहे. बिंटुलूत, मिरीत, सिंगापूरच्या गोद्यांत काम करणाऱ्या मुलांच्या पैशातून.

दुपारी ओसरीवर एक आजी वेताची टोपली विणत बसल्या होत्या. त्यांची जागेवरून न उठता चाललेली तयारी मी बराच वेळ बघत राहिले. बिस्किटाच्या डब्याच्या झाकणाला त्यांनी खिळ्याने भोकं पाडली होती, मोठ्यापासून लहानापर्यंत ओळीने. वेताची चिरलेली पट्टी आधी मोठ्या भोकातून ओढायची, मग त्याहून लहानातून. दर वेळी कडेचा कीस निघून पायाशी पडत होता. शेवटच्या भोकातून बाहेर आली तेव्हा पट्टी सुतासारखी एकसारखी झाली होती. एक बोट कापलेलं, त्याला चिकटपट्टी. "वेत कुठून आणता?" मी विचारलं. चालकाने भाषांतर केलं. पूर्वी घराच्या मागून तोडून आणायच्या, आता एक माणूस गाडीतून भारा आणून विकतो. किती पैसे हे त्यांनी सांगितलं नाही, फक्त अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासून दाखवली.

चांगलं झालं तेही लिहायला हवं, कारण इथली माणसंच ते लपवत नाहीत. दवाखाना जवळ आला. बाळंतपणाला अडलेली बाई होडीत घालून नदीच्या खळाळांमधून न्यायची वेळ आता येत नाही. मुलं आठवीनववीत घर सोडून वसतिगृहात जायची, ती आता रोज संध्याकाळी घरी असतात. मावशींची मुलगी शिक्षिका झाली आहे. "रस्ता आम्हाला हवाच होता," मावशी म्हणाल्या. "पण रस्ता हवा म्हटलं की नदी द्यावी लागते, असं कुणी सांगितलं नव्हतं."

तिसरा दिवस : तीन एकर

सकाळी मावशींचे यजमान मला त्यांच्या जमिनीवर घेऊन गेले. पुनर्वसनात प्रत्येक कुटुंबाला तीन एकर. त्यांचा तुकडा घरापासून मोटारसायकलवर वीस मिनिटांवर, चढावर. अर्ध्यात पाम, उरलेल्यात काळी मिरी, थोडा अननस, कडेला साबुकंदाची झाडं.

तीन एकर म्हटल्यावर आपल्याला ते अगदीच नगण्य वाटत नाही. मलाही पहिल्यांदा वाटलं नव्हतं. काकांनी वहाणेच्या टोकाने चिखलात चौकोन काढायला घेतले तेव्हा गणित कळलं. कायानांची शेती डोंगरउतारावरच्या भाताची. झाडी तोडायची, वाळवायची, जाळायची, राखेत भोकं पाडून बी टोचायचं. एक पीक निघालं की ती जागा सोडून पुढच्या जागेवर जायचं. सोडलेल्या जागेवर पुन्हा झाडी उभी राहायला दहाएक वर्षं लागतात, तेव्हा कुठे जमिनीत कस येतो. एका वर्षाच्या भातालाच दोन-तीन एकर लागतात. काकांनी एकापुढे एक चौकोन काढले, बोटं मोडत मोजले आणि पहिल्या चौकोनावर पाय ठेवला. "सरकारने हा दिला," ते म्हणाले. "बाकीचे राहिले."

त्यात भाताशिवायचं काही धरलेलंच नव्हतं. रानडुक्कर, मासे, वेत, सरपण, औषधी साली, होडीचं लाकूड हे सगळं ज्या जंगलातून यायचं त्याला कुंपण नव्हतं आणि त्याचा आपल्या सातबाऱ्यासारखा कुठलाही कागद नव्हता. सारावाकचा जमीन कायदा १९५८ चा. १ जानेवारी १९५८ च्या आधी जी जमीन साफ करून कसली असेल, तिच्यावरचा आदिवासींचा परंपरागत हक्क तो मानतो. शेत दाखवता येतं, लावलेलं झाड मोजता येतं. शिकारीचं जंगल कसं दाखवणार? ते न तोडणं हाच तर त्याचा वापर. हा प्रश्न न्यायालयांतही गेला. बाकूनच्या विस्थापितांचा खटला मलेशियाच्या संघीय न्यायालयापर्यंत पोहोचला आणि २०११ मध्ये निकाल त्यांच्या विरोधात लागला : भरपाई देऊन सरकार हे हक्क संपुष्टात आणू शकतं. पुढे २०१६ मध्ये इबान लोकांच्या दुसऱ्या एका खटल्यात गावाभोवतीच्या सामायिक जंगलावरचा हक्कही नाकारला गेला. त्यावरून एवढा असंतोष उसळला की २०१८ मध्ये राज्याला कायद्यात दुरुस्ती करून अशा सामायिक प्रदेशाला मर्यादित मान्यता द्यावी लागली. असापच्या लोकांना त्याचा काय उपयोग? त्यांचं जंगल तोवर पाण्याखाली गेलं होतं.

या सगळ्या फिरण्यातून माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं एकच आहे. मोबदला मोजणीवर ठरला आणि मोजलं गेलं ते फक्त मोजता येण्याजोगं. घर मोजलं, दुरियनचं झाड मोजलं, मिरीचा वेल मोजला. नदी मोजली नाही. त्यामुळे एका घरात आज चार भावंडांचे संसार असले तरी कागदावर ते १९९८ चं एकच कुटुंब आणि त्याचे तेच तीन एकर. इथे जन्मलेल्या पिढीच्या नावावर काहीही नाही.

काका कडवट नव्हते. पामच्या घडाला सध्या बरा भाव आहे म्हणाले. परतताना त्यांनी विजेचं बिल दाखवलं. पूर्वी पाणी, सरपण, मासे कशालाच पैसे लागत नसत, आता महिन्याच्या सुरुवातीला रोकड हातात असावीच लागते. बाकूनची बरीच वीज बिंटुलूजवळच्या समालाजू औद्योगिक वसाहतीत जाते, ॲल्युमिनियम आणि फेरोमिश्रधातूंच्या कारखान्यांना. आधीच्या योजनेत ती समुद्राखालच्या केबलने मलेशियाच्या मुख्य द्वीपकल्पाकडे जाणार होती. ती केबल कधी टाकलीच गेली नाही.

चौथा दिवस : जलाशय

धक्क्यावरून निघाल्यावर पहिली दहा मिनिटं मी काही बोलू शकले नाही. पाणी हिरवट, सपाट आणि न संपणारं. आणि त्यातून वर आलेले मेलेल्या झाडांचे शेंडे, पांढरेफटक, हजारोंनी. पाणी भरण्याआधी सगळं जंगल साफ झालं नव्हतं. होडीवाला वेग कमी करून त्यांच्या मधून वाट काढत होता. इंजिनचा पंखा पाण्याखालच्या फांदीत अडकू नये म्हणून तो उभा राहून पुढे बघायचा आणि मध्येच एका झटक्यात इंजिन वर उचलायचा.

हा होडीवाला केन्याह. त्याला या तळ्याचा नकाशा दोनदा पाठ आहे : एकदा आत्ताचा, आणि एकदा खालचा. एका खाडीत त्याने इंजिन बंद केलं आणि म्हणाला, इथे आमची शाळा होती. थोडं पुढे, इथे आजोबांची दुरियनची बाग. मग एका वळणावर फक्त हनुवटीने दाखवलं, तिथे स्मशान. कायान-केन्याहांच्या सरदार घराण्यांतल्या माणसांना उंच खांबांवरच्या कोरीव लाकडी घरांत ठेवत असत. काही कुटुंबांनी हाडं उचलून असापला नेली. त्याच्या कुटुंबाला सगळी नेता आली नव्हती. मी त्यावर काही विचारलं नाही.

पण या तळ्यावर माणसं आहेत, आणि याची मला कल्पनाच नव्हती. ओंडक्यांच्या तराफ्यांवर बांधलेली तरंगती घरं, पत्र्याचं छप्पर, पुढे जाळी वाळत घातलेली, कडेला तरंगत्या पेट्यांत लावलेली मिरची आणि गवती चहा. असापमध्ये तीन एकरांत भागेना म्हणून परतलेली ही कुटुंबं. बुडालेल्या गावाच्या वर, पाण्यावर घर बांधून राहतात. आजूबाजूच्या टेकड्या पूर्वी त्यांच्या शेतांच्या वरच्या टेकड्या होत्या, आता त्या तळ्याचे काठ झाल्या आहेत. तिथे ते भात लावतात.

एका घरी आम्ही जेवलो. घरातली बाई जाळ्यातून तिलापिया सोडवत होती. नदी वाहती होती तेव्हा इथे सेमाह आणि एम्पुराव मिळायचे. ते स्वच्छ, खळाळत्या पाण्यातले मासे, आणि एम्पुराव आज शहरात किलोला शेकडो रिंगिटने विकला जातो. साचलेल्या पाण्यात त्यांना जगता येत नाही. तिलापिया जगतो. ती म्हणाली, मुलं असापला शाळेत आहेत, बहिणीकडे. सुट्टीत इकडे येतात. "तिकडचं घर मुलांचं, इकडचं आमचं."

विस्थापितांपैकी काही केन्याह बादेंग कुटुंबं असापला गेलीच नव्हती. ती बुडीत रेषेच्या वर, आपल्याच जुन्या हद्दीत लाँग लावेन इथे राहिली आणि २००२ मध्ये त्यांनी बाहेरच्या स्वयंसेवी संस्थांच्या मदतीने ओढ्यावर स्वतःचा छोटा जलविद्युत संच बसवला. मला तिथे जायचं होतं, पण पावसाने वाट बंद होती. होडीवाला लाँग लावेनबद्दल जेवढ्या अभिमानाने बोलला तेवढा तो दिवसभरात आणखी कशाबद्दलही बोलला नाही.

पाचवा दिवस : बेलागा

धरणापासून सुमारे ३७ किलोमीटर खाली बेलागा. चिनी व्यापाऱ्यांच्या लाकडी दुकानांच्या दोन ओळी, धक्का, शाळा. पूर्वी वरच्या सगळ्या गावांचा बाजार इथे भरायचा. वरची गावंच गेली, तेव्हा गिऱ्हाईकही असापच्या रस्त्याने बिंटुलूकडे वळलं. कापितकडे जाणारी एक्स्प्रेस बोट पाणी पुरेसं असेल तरच सुटते, आणि त्या दिवशी ती नव्हती. मला नदीने खाली जायचं होतं, ते राहिलं.

धक्क्याजवळच्या खानावळीत पेनान तरुणांचा एक घोळका भेटला. ते मुरुमचे. मुरुम धरण बाकूनच्याच वरच्या अंगाला आहे, ९४४ मेगावॉटचं. पेनान मुळात भटके शिकारी, जंगलातल्या रानसाबूवर जगणारे. २०१२ च्या सप्टेंबरपासून त्यांनी बांधकामाचा रस्ता अडवून धरला होता, आणि तरीही पुढच्या वर्षी पाणी अडवलं गेलं. आता ते तेगुलांग आणि मेतालुन या दोन वसाहतींत राहतात. त्यांतला एक जण ट्रक चालवायला शिकतोय. पामच्या मळ्यावर चालकाला मजुरापेक्षा दुप्पट मिळतात, म्हणाला.

सहावा दिवस : मिरीच्या वाटेवर

चालकाने बाकूनच्या फाट्यावर सोडलं. मावशींनी डब्यात पानात बांधलेल्या चिकट भाताच्या पुरचुंड्या दिल्या होत्या. तिथून मिरीची बस पकडली.

शेजारच्या आसनावर साठीच्या बाई होत्या, बारामच्या केन्याह. इंग्रजी सफाईदार बोलत होत्या. मी असापहून येते आहे म्हटल्यावर त्या सरळ होऊन बसल्या. बाराम नदीवरही १,२०० मेगावॉटचं धरण ठरलं होतं. बुडाली असती ती २६ गावं, आणि विस्थापित झाली असती ती २० हजारांपर्यंत माणसं. २०१३ च्या ऑक्टोबरपासून लोकांनी दोन ठिकाणी रस्ते अडवले आणि रात्रंदिवस, पाळ्या लावून, दोन वर्षं तिथे बसून राहिले. २०१५ च्या नोव्हेंबरात तेव्हाचे मुख्यमंत्री अदेनान सातेम यांनी काम स्थगित केलं आणि पुढच्या वर्षी जमीन संपादनाची अधिसूचनाही मागे घेतली गेली. बाई त्या नाकाबंदीवर स्वयंपाकाला होत्या.

"तुम्हाला एवढी खात्री कशी होती?" मी विचारलं.

"आमच्या गावातली माणसं असाप बघून आली होती. सरकारच्या सभेत सगळं सांगतात, घर, रस्ता, दिवे. आमच्या माणसांनी तिथल्या लोकांना एवढंच विचारलं की भात कुठे लावता. उत्तर ऐकलं आणि परत आले."

मग त्यांनी मला विचारायला सुरुवात केली. तीन एकर वाढवून मिळाले का? घराच्या पैशांचं काय झालं? तळ्यावर राहणाऱ्यांना तिथे राहू देतात का? किती घरं आहेत? मला जेवढं माहीत होतं तेवढं मी सांगितलं आणि त्या पिशवीतून एक वही काढून लिहून घेत राहिल्या. बारामला मिळणाऱ्या तुतोह नदीवर आता टप्प्याटप्प्याने लहान धरणं बांधायची योजना पुढे आली आहे, तशीच बेलागा नदीवरही. त्यांच्या बहिणीचं गाव तुतोहकाठी आहे. पुढच्या आठवड्यात तिथे बैठक होती आणि असापच्या मावशींचा फोन नंबर त्यांना हवा होता. मी मावशींना फोन लावला, परवानगी घेतली आणि फोन त्यांच्या हातात दिला. मिरीचं बसस्थानक येईपर्यंत दोघी बोलत होत्या.